जुन्या इंडिकाचा डिझेल पंप

वडिलांची २००१ सालची डिझेल इंडिका मी अजून वापरतो. निमगाव केतकी, जंक्शन, भवानीनगर करत इंदापूर–बारामती रस्त्यावर तिच्या फेऱ्या चालू असतात. तिचा पंप उतरवून बारामतीला नेला, दुरुस्त होऊन परत बसला. त्या निमित्ताने जे कळलं, ते लिहून ठेवतोय.

१. पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. सकाळी गाडी उशिरा चालू होते, पांढरा धूर टाकते, एवढं सांगितलं की भेटेल तो म्हणतो, ‘पंप गेला.’ आमच्या मिस्त्रींनी आधी हीटर प्लग तपासले, फिल्टर बदलला. मग पंपाला पारदर्शक नळ्या जोडून त्या थेट डिझेलच्या कॅनमध्ये सोडल्या. टाकी आणि टाकीपासूनची लाइन आपोआप बाजूला पडली. तरीही रात्रभर उभ्या गाडीच्या नळीत सकाळी बुडबुडे होते, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्यापाशी पंप ओला लागत होता. तेव्हा कुठे त्यांनी पंपाचं नाव काढलं. दोन नळ्या आणि एक कॅन, एवढ्यावर हा निर्णय झाला. त्यांच्या धीराचं मला फार कौतुक वाटलं.

२. एवढ्याशा डब्यात केवढं काम चालतं! हा रोटरी पंप. आत प्लंजर एकच. तो फिरतो आणि त्याच वेळी पुढे-मागेही होतो, आणि चारही सिलिंडरना पाळीपाळीने डिझेल पोचवतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पंप सेकंदाला १०० वेळा डिझेल मारतो, आणि प्रत्येक वेळचं माप एका थेंबापेक्षा कमी. प्लंजर आणि त्याचं हेड यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिस्स्याहून कमी असते. म्हणून ती जोडीनेच बदलतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याला चालत नाही. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनाला इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचं वेगळं यंत्र लागायचं. बॉशने १९२७ मध्ये पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत मावू लागलं. आपल्याकडे या पंपाला अजून ‘मायको’चाच पंप म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण नाशिकचं मायको सर्कल तसंच आहे.

३. या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. हे मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर शेतावर कॅनमध्ये महिनोन्‌महिने साठवलेलं डिझेल मी गाडीत घालायचं बंद केलं. पाणी शिरलं की आतले भाग कोरडे घासतात आणि गंजतात. दुसरी गोष्ट त्याहून अनपेक्षित. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं. हवेसाठी हे उत्तमच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा वंगणगुण कमी होतो, म्हणून त्यात वेगळं द्रव्य मिसळावं लागतं. शिवाय वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये मुरलेले रबरी सील नव्या डिझेलमध्ये आकसून गळू शकतात. सील बदलायचेच असतील तर नव्या डिझेलला टिकणारे मागावेत.

४. पंप काढण्यापेक्षा तो वेळेवर बसवणं अवघड. इंडिकात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, इंजिनाच्या निम्म्या वेगाने. खुणा जुळवल्या म्हणजे झालं, असं मला वाटायचं. मिस्त्रींनी पंपाच्या मागे डायल गेज लावून प्लंजर किती उचलतो ते पाहिलं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजलं. टायमिंग पुढे गेलं तर इंजिन ठणठण वाजतं, मागे पडलं तर ओढ जाते आणि पांढरा धूर येतो. बेल्ट एवढा उघडलाच आहे तर नवा बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही टाकावेत. इथे वाचवलेले पैसे बेल्ट तुटला की व्हॉल्व्हवर जातात.

५. भंगारातला ‘सेम टु सेम’ पंप सेम असेलच असं नाही. टर्बो आणि बिगर-टर्बो इंजिनांचं डिझेलचं माप वेगळं. पंपावरच्या पट्टीवरचा नंबर जुळला पाहिजे आणि पंप टेस्ट बेंचवर चढला पाहिजे. बारामतीच्या पंपवाल्यांनी कुठल्या वेगाला किती डिझेल पडतं, ते कागदावर लिहून दिलं. तो कागद मी गाडीच्या आरसी बुकात ठेवलाय.

६. एअर काढताना नोझलच्या पाइपचे नट सैल करून स्टार्टर मारतात. त्या वेळी हात लांब. नोझलमधून सुटणारी डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

७. माझी गाडी चालते ती ट्रॅक्टरच्या जिवावर. ही गोष्ट मला पंपवाल्यांच्या दारात उमगली. तिथल्या फळीवर इंडिकाचा पंप एकटाच होता, बाकी सगळे ट्रॅक्टरचे. कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रेलरवाल्यांची रांग लागते आणि कारवाल्याने थांबायचं असतं. मी थांबलो, आणि त्यात काही गैर वाटलं नाही. निव्वळ जुन्या कारसाठी कोणी टेस्ट बेंच ठेवला नसता. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना कडक उत्सर्जन नियम लागू झाले, त्यांचे पंप आता संगणकाच्या हुकमतीखाली गेलेत. आपल्या भागातले बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. ते आहेत तोवर डायल गेज वाचणारा माणूस बारामतीत भेटेल. पंपवाल्यांचा मुलगाही आता बेंचवर उभा राहतो, नोंदी तोच लिहितो.