अनेक शेळ्यांचे बिल्ले एकाच वेळी वाचताना घ्यावयाची काळजी

वाशीम जिल्ह्यातील वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत शेतीच्या जोडीला शेळीपालन केले जाते. कळपातील एखादी शेळी मोजणीतून सुटली, तर ती पीपीआर रोगाच्या लसीकरणातूनही सुटते. आणि अशी एक शेळीदेखील सबंध कळपास धोका पोहोचवू शकते. म्हणून जनावराची ओळख पटविणे ही केवळ कागदोपत्री बाब नव्हे.

राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात जनावरांच्या कानात मारला जाणारा बारा अंकी पिवळा बिल्ला डोळ्यांनी अथवा रेघांच्या संकेतावरून, एका वेळी एकच वाचता येतो. आरएफआयडी बिल्ला मात्र रेडिओ लहरींनी दुरून वाचता येतो. तथापि, कळप मोठा असला म्हणजे येथे निराळीच अडचण उद्भवते.

टक्कर का होते?

अशा साध्या बिल्ल्यात विजेरी नसते. वाचक यंत्राच्या लहरींतून मिळालेल्या शक्तीवरच तो आपला क्रमांक कळवितो. शेजारचा बिल्ला बोलत आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्यामुळे अनेक बिल्ले एकदम बोलतात, त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात आणि यंत्रास बहुधा एकही क्रमांक नीट उमगत नाही.

पाळी लावण्याची रीत

हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘अलोहा’ या रेडिओ जाळ्यातून यावरील उपाय पुढे आला. यंत्र काही पाळ्या जाहीर करते व प्रत्येक बिल्ला त्यांपैकी कोणतीही एक निवडतो. ज्या पाळीत एकच बिल्ला बोलतो, तोच वाचला जातो. वाचलेला बिल्ला गप्प बसतो व उरलेल्यांसाठी पुन्हा पाळ्या लावल्या जातात.

पाळ्या किती असाव्यात, यावर सर्व अवलंबून आहे. समजा, ६४ शेळ्या आहेत. पाळ्या १६ ठेवल्या, तर पहिल्या फेरीत सरासरीने जेमतेम एक बिल्ला वाचला जाईल. पाळ्या ६४ ठेवल्या, तर सुमारे २४ वाचले जातील. पाळ्या ५१२ केल्या, तर सुमारे ५७ वाचले जातील खरे. पण बहुतेक पाळ्या रिकाम्या जाऊन वेळ वाया जाईल. म्हणून पाळ्यांची संख्या उरलेल्या बिल्ल्यांच्या संख्येइतकी असणे हितावह होय. चांगले यंत्र हा अंदाज स्वतःच बदलीत राहते.

बिल्ल्याचा प्रकार ओळखावा

१३४.२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या पशुबिल्ल्यांत पाळीची ही सोय नसते. ते एकेक करूनच वाचावे लागतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील बिल्ल्यांत ती सोय असते. समृद्धी महामार्गाच्या पथकर नाक्यावरील फास्टॅगही याच पट्ट्यात चालतो. परंतु या लहरी जनावराच्या अंगातील पाण्यात शोषल्या जातात. त्यामुळे शेळ्या दाटीने उभ्या असल्यास आडोशाचा बिल्ला सुटण्याचा संभव असतो.

पशुपालकांनी काय करावे?

१. कळप एकदम यंत्रासमोर न आणता अरुंद वाटेने एकामागून एक सोडावा. पाळीची सोय नसलेल्या बिल्ल्यांस हाच खरा उपाय होय.

२. यंत्राची शक्ती बेताची ठेवावी, म्हणजे लांबचे बिल्ले मध्येच बोलणार नाहीत.

३. दोन यंत्रे जवळजवळ ठेवून एकाच वेळी चालवू नयेत.

४. पत्र्याच्या भिंतीजवळ वाचन करू नये. धातूवरून लहरी परततात.

५. वाचन संपताच शेळ्यांची हातमोजणी करावी. यंत्राचा आकडा कमी भरल्यास पुन्हा वाचन करावे व सुटलेली शेळी शोधून काढावी.

यंत्र कितीही चांगले असले, तरी ते न वाचलेल्या शेळीबद्दल काहीच सांगत नाही. ती उणीव पशुपालकाच्या मोजणीनेच भरून निघते.