वाटसरूचें ऋण

पाठासाठीं वाचन : उत्पत्ति 18:1-8, 2 राजे 4:8-17 व 8:1-6.
पाठाचा हेतु : ज्याचा पाहुणचार झाला त्यानें उपकार कसा फेडावा, हें समजून घेणें.



पाहुणचार कसा करावा ह्याविषयीं आपण पुष्कळ ऐकिलें आहे. परंतु ज्याचा पाहुणचार झाला त्यानें काय करावें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारितो. खेडोपाडीं फिरणारे उपदेशक व शिक्षक ह्यांचे कित्येक दिवस दुसऱ्यांच्या ओसरीवर जातात. लग्नकार्यास, बाजारास, दवाखान्यास जाणारे आपण सर्वही कोठें ना कोठें पाहुणे होतों. तेव्हां आजचा धडा यजमानासाठीं नसून पाहुण्यासाठीं आहे.

1. तंबूच्या दाराशीं

अब्राहाम भर दुपारीं आपल्या तंबूच्या दाराशीं बसला असतां तीन अनोळखी पुरुष त्याच्या दृष्टीस पडले. तो नव्याण्णव वर्षांचा वृद्ध. तरी उन्हांत धांवत पुढें गेला. बोलतांना त्यानें थोडें पाणी व भाकरीचा तुकडा एवढेंच देऊं केलें. देतांना मात्र तीन मापें सपीठ मळविलें, कोंवळें वांसरूं रांधविलें, दहीं व दूध पुढें ठेविलें. आणि ते जेवीत असतां स्वतः झाडाखालीं उभा राहिला.

वाळवंटाच्या कडेस राहणाऱ्या लोकांत ही रीत जीव राखण्यासाठीं पडली आहे. तेथें एका विहिरीपासून दुसरी विहीर कधीं दिवसाच्या, कधीं दोन दिवसांच्या वाटेवर असते. ज्यास दारांतून परत लाविलें तो वाटेंतच मरावयाचा. शिवाय आज जो यजमान, तोच पुढच्या मोसमांत आपला कळप घेऊन परक्या तंबूपाशीं उभा राहणार. म्हणून आल्यागेल्यास तीन दिवसपर्यंत आसरा देण्याची अरब लोकांत जुनी चाल आहे.

आतां ह्या गोष्टींतील एक बारीक खूण पाहा. बोलावणें अब्राहामानें केलें. पण पीठ सारेनें मळलें, आणि वांसरूं चाकरानें सिद्ध केलें. पाहुण्यास यजमान दिसतो, चुलीपाशीं बसलेली दिसत नाहीं. आभार मानावयाचे ते कोणाकोणाचे, हें येथूनच शिकावें.

2. आपल्याकडील तहान

वाळवंट फार दूर आहे असें वऱ्हाडच्या मनुष्यानें समजूं नये. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोहों तीरांस खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी व कसदार. कपाशी, ज्वारी, तूर व हरभरा पिकविणारी. परंतु विहीर खणावी तर पाणी खारट लागतें, आणि कित्येक ठिकाणीं तें पिण्याच्या व ओलिताच्याही उपयोगी पडत नाहीं. त्यांत उन्हाळा असा कीं, अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पिढ्यान्‌पिढ्या ह्या पट्ट्यांतील बायकांनीं गोड्या पाण्यासाठीं दूरवर पायपीट केली. आतां पुष्कळ गांवांस धरणांचें पाणी नळानें पोहोंचतें. तरी उन्हाळ्यांत तें रोज येईल असा भरंवसा नसतो, आणि घरोघरीं रांजण जपून वापरावा लागतो.

अशा गांवीं कोणी पाहुण्यापुढें गडवाभर पाणी ठेविलें, तर त्या गडव्यांत एखाद्या बाईची अवघी सकाळ भरलेली असते. पाय धुण्यास पाणी मिळालें, तर तें उद्यांच्या स्वयंपाकांतून काढिलेलें असूं शकतें. हें ज्यास कळलें त्यास कृतज्ञता निराळी शिकवावी लागत नाहीं. ज्यास कळलें नाहीं तो आंघोळीस दुसरी बादली मागतो.

3. अलीशाचा प्रश्न

शूनेम गांवच्या एका बाईनें अलीशासाठीं माडीवर लहानशी खोली बांधिली, आणि तींत खाट, मेज, बैठक व दिवा एवढें ठेविलें. थकलेल्या वाटसरूस ह्याहून अधिक काय पाहिजे? एके दिवशीं त्या खोलींत पडला असतां अलीशानें तिला बोलावून विचारिलें कीं, तुझ्यासाठीं काय करावें? राजाकडे किंवा सेनापतीकडे रदबदली करण्याचीही त्यानें तयारी दाखविली. तिनें कांहींच मागितलें नाहीं. आपण आपल्या लोकांत सुखी आहों असें सांगितलें. येथें दुसरा कोणी असता तर 'विचारून पाहिलें' असें म्हणून गप्प बसला असता. परंतु अलीशानें चाकराजवळ पुन्हां चौकशी केली, तेव्हां त्या घरांत मूल नाहीं हें उघड झालें.

आपणांस जें देणें सोपें तें देऊन मोकळें होणें, ही अर्धी कृतज्ञता होय. त्या घरास उणें काय आहे हें पाहण्यास डोळे लागतात. आणि हें ऋण एका दिवसांत फिटलें असेंही नाहीं. पुढें त्या बाईचें मूल दगावलें तेव्हां अलीशा स्वतः तिच्या घरीं आला. दुष्काळ येणार हें जाणून त्यानें तिला आगाऊ सूचना दिली. खोली लहान होती, पण आठवण अनेक वर्षें टिकली.

4. पाहुण्याची मर्यादा

पहिल्या मंडळ्यांच्या काळचें 'बारा प्रेषितांची शिकवण' ह्या नांवाचें एक छोटें पुस्तक आहे. त्याची जुनी हस्तलिखित प्रत 1873 सालीं कॉन्स्टंटिनोपल शहरीं सांपडली व 1883 सालीं छापून प्रसिद्ध झाली. फिरत्या उपदेशकांविषयीं त्यांत कडक नियम आहेत. एक दिवस राहावें, गरज पडल्यास दुसरा; तिसरा दिवस राहील तो खोटा समजावा. निघतांना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागेल तोही खोटा. साधा प्रवासी गांवांत वस्ती करूं पाहील, तर त्यानें कामधंदा करून आपलें पोट भरावें.

हे नियम कशास पाहिजे होते? लोकांचें दार उघडें होतें, आणि त्या उघड्या दाराचा गैरफायदा घेणारे निघाले होते, म्हणून. एका लोभी पाहुण्यानें दार असें बंद होतें कीं, मागून येणारा खरा गरजू बाहेरच राहतो. म्हणून वेळेवर उठून निघणें हा देखील आभार मानण्याचा एक प्रकार होय.

5. शेंडगांवचे डेबूजी

परंतु वाटेवर ज्यांनीं आपणांस पाणी दिलें त्यांची पुन्हां गांठ पडेलच असें नाहीं. अलीशा शूनेमास वारंवार जात असे. आपण एखाद्या गांवावरून आयुष्यांत एकदांच जातों. मग तें ऋण कोणास द्यावें? ह्याचें उत्तर आपल्याच वऱ्हाडांतील एका वाटसरूनें देऊन ठेविलें आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, ज्यांस महाराष्ट्र गाडगे महाराज म्हणतो, ह्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परिटाच्या घरीं झाला. बाप लवकर वारला. बालपण अकोल्याकडे मूर्तिजापूरजवळील दापुरें ह्या आजोळीं गुरें राखण्यांत व शेतींत गेलें. 1905 सालीं त्यांनीं घर सोडिलें, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें ते वाटेवरच राहिले. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, हातांत खराटा, आणि भाकर घेण्यास मातीचें फुटकें गाडगें, एवढाच संसार.

ते गांवांत शिरत ते झाडीतच शिरत. रस्ते व गटारें साफ होत, आणि मग भाकरीची गोष्ट निघे. कामावांचून अन्न घेणें त्यांस रुचत नसे. रात्रीं कीर्तन होई. लोक पैसा देत. तो त्यांनीं स्वतःसाठीं ठेविला नाहीं. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें पौष महिन्यांत यात्रा भरते. तेथें नदीवर यात्रेकरूंसाठीं घाट झाला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक व मुंबई येथें धर्मशाळा उठल्या. ज्यांस इतर धर्मशाळांत पाऊल ठेवूं देत नसत त्या अस्पृश्य मानिलेल्या वारकऱ्यांसाठीं पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा बांधिली. पुढें ती इमारत त्यांनीं डॉ. आंबेडकरांनीं 1945 सालीं स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकिली.

गांवोगांवच्या चुलीवरची भाकर ज्यानें खाल्ली, त्यानें ती त्या चुलीस परत केली नाहीं. पुढच्या वाटसरूसाठीं छप्पर उभें करून ती फेडिली. ह्या इमारतींत त्यांनीं स्वतःसाठीं किंवा आपल्या कुटुंबासाठीं जागा राखिली नाहीं. 20 डिसेंबर 1956 रोजीं अमरावतीस जात असतां वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं, गाडींतच, त्यांचा अंत झाला. शेवटपर्यंत ते वाटसरूच होते.

आजही मुंबईस दादरला त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत कर्करोगाचे रोगी व त्यांचे नातलग उतरतात. एखाद्या खेड्यांतील शेतकरी परळच्या टाटा रुग्णालयांत बायकोस घेऊन जातो, तेव्हां शहर त्यास वाळवंटाहून परकें वाटतें. अशा वेळीं निजण्यास चार हात जागा मिळणें म्हणजे काय, हें ज्यानें भोगिलें तोच जाणतो.

6. आपण काय करावें

वरील गोष्टींवरून पाहुण्यास चार बोध घेतां येतील.

पहिला, जें पुढें येईल तें संतोषानें घ्यावें, व घरास झेपेल तेवढेंच घ्यावें. गरीब घर पाहुण्यासाठीं उधार आणितें, हें विसरूं नये.

दुसरा, आभार चुलीपर्यंत पोहोंचवावे. ज्या बाईनें पाणी आणिलें व भाकर थापली, तिला ऐकूं जाईल असें बोलावें. घरांतील मुलाची विचारपूस करावी.

तिसरा, कांहीं काम करून निघावें. अंगण झाडणें, घागर उचलणें, मुलांस दोन अक्षरें शिकविणें, अर्ज लिहून देणें. प्रत्येकास कांहीं ना कांहीं करितां येतें.

चौथा, आणि सर्वांत कठीण, आपलें दार उघडें ठेवावें. ज्यानें परक्याच्या घरीं भाकर खाल्ली, त्याच्याच घरीं जात विचारून कोणास ओसरीखालीं बसविण्यांत आलें, तर त्याचे सारे आभार व्यर्थ गेले. ओळखीच्या व बरोबरीच्या मनुष्यास जेवूं घालणें ही देवघेव आहे. जो परतफेड करूं शकत नाहीं, त्यालाच देऊन वाटसरूचें ऋण फिटतें.

उन्हाळा येतांच पुष्कळ गांवीं रस्त्याच्या कडेस पाणपोई लागते. मंडळींतील तरुणांनीं एक रांजण व एक ओगराळें एवढ्यानें आरंभ करावा. रांजणावर कोणाचें नांव घालण्याची गरज नाहीं.

विचार करण्यासाठीं प्रश्न

1. अब्राहामाच्या तंबूंत पाहुणचारासाठीं कोणी कोणी श्रम केले?
2. शूनेमच्या बाईस काय उणें आहे हें अलीशास कसें कळलें?
3. फिरत्या उपदेशकांस दिवसांची मर्यादा कां घालावी लागली?
4. गाडगे महाराजांनीं खाल्लेल्या भाकरीचें ऋण कोणास फेडिलें?
5. आपल्या गांवीं कोणत्या वाटसरूस आज आसरा मिळत नाहीं? त्याच्यासाठीं ह्या महिन्यांत आपल्या घरास काय करितां येईल?