चि. अनिरुद्ध यास, जमिनीच्या विसाराविषयी



शहराबाहेरच्या दोन गुंठ्यांसाठी चिरंजीवाने विसार दिला असून, येत्या आठवड्यात उरलेली रक्कम मोजून नोटरी केलेले साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांवरच व्यवहार पुरा होणार आहे, असे धाकट्या मावशीकडून मामाच्या कानी आले. ही बातमी खोटी ठरावी. खरी असल्यास ती रक्कम विक्रेत्याच्या हाती पडण्यापूर्वी हे पत्र वाचले जावे.

साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार त्याने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. कुलमुखत्यारपत्र हा मालकाच्या वतीने काम करण्याचा अधिकार असून तो देणारा मरण पावला की सामान्यतः संपतो. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. नोटरीचा शिक्का दुय्यम निबंधकाकडील नोंदणीची जागा घेत नाही. हिशेबात एवढ्या चोख मुलाने हे कोणालाच विचारू नये, याचा मामाला राग आला, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

विक्रेत्याचे नाव सातबाऱ्यावर आहे, एवढ्यावर चिरंजीव निर्धास्त असल्याचे कळते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. त्यावरील नाव कसे आले हे फेरफारांवरून, म्हणजे हक्कबदलांच्या नोंदींवरून, मागे मागे जात तपासावे लागते. जमीन वडिलोपार्जित असेल तर विक्रेत्याच्या बहिणींची नावे कोठे आहेत, हा पहिला प्रश्न असावा, कारण 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी तो टिकतो, असा निर्णय 2020 मध्ये झाला. ‘इतर हक्क’ रकान्यातील बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीला लागणारी शासकीय परवानगी आणि दोन गुंठ्यांना तुकडेबंदी कायदा आड येतो का, हेही वकिलाने पाहावे. त्याआधी उरलेली रक्कम देऊ नये.

चिरंजीवाचे आजोबा दुपारी जुने उतारे उलगडून बसत, तेव्हा तरुण मामाला त्या कागदांचा कंटाळा येई. आजोबांमागे गावाकडच्या बांधांविषयी विचारावे असे घरात कोणी उरले नाही, आणि त्यांच्याजवळ कधी बसलो नाही ही खंत मामाला आजही आहे. शिवाय या व्यवहारात ताईच्या निवृत्तीचे पैसे आहेत. मुलाचे स्वतःचे घर व्हावे म्हणून ती ते हसतच देईल, म्हणून भीती अधिक वाटते.

विसार परत न मिळाला तरी चिरंजीवाने त्याचा भार एकट्याने वाहू नये. मामा रागावला असला तरी विक्रेत्याकडे आणि वकिलाकडे तोच बरोबर येईल. उरलेली रक्कम खात्यातच ठेवून शनिवारी विसारपावती, सातबारा व जे कागद असतील ते घेऊन यावे आणि रात्री मुक्कामालाच राहावे. मामीने तसे मुद्दाम सांगितले आहे. ताईला काय आणि केव्हा सांगायचे, ते जेवणानंतर दोघांनी मिळून ठरविता येईल.

मामाचे आशीर्वाद.