कंपनीने गाडी परत बोलावली तर? चला, 'रिकॉल' समजून घेऊया



रस्ता सुरक्षा म्हटलं की आपण मुलांना झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल, हेल्मेट आणि सीट बेल्ट शिकवतो. हे सगळे नियम चालणाऱ्याचे आणि चालवणाऱ्याचे आहेत. पण दोष गाडीतच असेल तर? चालक सावध, रस्ता मोकळा, सर्व्हिसिंग वेळेवर, आणि तरीही कारखान्यातून आलेला एक भाग कच्चा! अशा वेळी आपले हक्क काय आणि आपण करायचे काय, हे आजच्या पाठात पाहू.

रिकॉल म्हणजे काय?

एखाद्या मॉडेलच्या ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्यांमध्ये सुरक्षेला धोका ठरेल असा दोष आढळला, की कंपनी त्या गाड्या तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी परत बोलावते. यालाच रिकॉल म्हणतात. 'परत बोलावणे' या शब्दाने घाबरू नका. बहुतेक वेळा गाडी काही तासांसाठी सर्व्हिस सेंटरला न्यायची, भाग बदलून घ्यायचा आणि घरी आणायची, एवढंच असतं. भागाचे आणि मजुरीचे पैसे कंपनी भरते.

वॉरंटी आणि रिकॉल यांत मात्र गल्लत करू नका. वॉरंटीत आपल्या एका गाडीत बिघाड होतो आणि आपण तक्रार घेऊन जातो. रिकॉलमध्ये आपली गाडी अगदी सुरळीत चालत असते, तरीही कंपनी बोलावते, कारण दोष त्या संपूर्ण खेपेत असण्याची शक्यता असते. म्हणूनच "माझ्या गाडीला काही झालं नाही, मग कशाला जाऊ?" हे उत्तर इथे चुकीचं आहे. काही होण्याआधी जाण्यासाठीच तर बोलावणं आलेलं असतं.

एक उदाहरण: इको आणि टाय रॉड

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि इको या दोन मॉडेलच्या मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. या गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या होत्या. दोष होता स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये. आपण स्टिअरिंग फिरवतो तो जोर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा हा दांडा. क्वचित प्रसंगी तो तुटू शकतो आणि गाडीवरचा ताबा सुटू शकतो, असं कंपनीनेच कळवलं होतं.

आता इको कुठे दिसते ते आठवा. आपल्या शाळांच्या फाटकाबाहेर, दप्तरं घेऊन चढणाऱ्या मुलांची वाट पाहत! म्हणजे हा विषय फक्त गाडीमालकाचा नाही, तो आपल्या मुलांचा आहे.

दुचाकींचंही तसंच. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली परत बोलावल्या होत्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला. त्यानंतर पुढच्याच महिन्यात ओला कंपनीने त्या खेपेतील १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या.

कायदा काय म्हणतो?

पूर्वी भारतात रिकॉल हा कंपन्यांच्या मर्जीचा मामला होता. वाहन उत्पादकांच्या संघटनेची २०१२ पासूनची आचारसंहिता होती, पण ती ऐच्छिक होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं. या कलमाने केंद्र सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने मालकांनी तक्रारी केल्या तर सरकार चौकशी लावू शकतं, आणि आदेशाने रिकॉल करावा लागला तर कंपनीला ₹१० लाखांपासून ₹१ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सक्तीचा हा नियम ७ वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहे.

यातली एक गंमत लक्षात घ्या. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या, तर तिला दंड होत नाही. लपवण्यापेक्षा सांगणं फायद्याचं ठरावं, असा हा विचार आहे. त्यामुळे "रिकॉल आला म्हणजे कंपनी वाईट" असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

आपली गाडी यादीत आहे का?

यासाठी हवा चेसिस नंबर. तो आरसीवर आणि विम्याच्या कागदावर असतो. हा १७ अक्षर-अंकांचा असतो, आणि भारतात तयार झालेल्या गाड्यांचा नंबर इंग्रजी 'एम'ने सुरू होतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. तेव्हा नंबर भरताना गोल दिसलं की ते शून्यच समजा.

१. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर रिकॉलची पाहणी करण्याची सोय असेल तिथे चेसिस नंबर टाका. नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून तोच नंबर सांगा.

२. नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका, उत्पादनाचा महिना पाहा. मार्च २०२३ मध्ये नोंदलेली गाडी जानेवारीत तयार झालेली असू शकते.

३. पत्त्याची आणि मोबाइल नंबरची नोंद कंपनीकडे अद्ययावत ठेवा. निरोप तिथेच येतो.

४. निरोपात लिंक असेल आणि पैसे किंवा ओटीपी मागत असतील, तर थांबा. खऱ्या रिकॉलला पैसे लागत नाहीत.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर

जॉब कार्डवर रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या आणि त्यापुढे रक्कम शून्य आहे ना, ते पाहा. त्याच वेळी ब्रेक पॅड किंवा ऑइल बदलायला सांगितलं तर त्याचे पैसे आपल्याला द्यावे लागतील, कारण ते झिजेचं काम आहे. दोन्ही कामं एकाच बिलात मिसळू देऊ नका. काम झाल्यावर 'भाग तपासला' की 'भाग बदलला' हे लेखी घ्या आणि तो कागद आरसीसोबत जपून ठेवा.

भाग उपलब्ध नसेल तर एक प्रश्न जरूर विचारा: "तोपर्यंत गाडी चालवू का, आणि काय काळजी घेऊ?" सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नका, असं कंपनीने सांगितलं होतं. ऐन पावसाळ्यात हे माहीत असणं किती गरजेचं आहे बघा!

टाळाटाळ झाली, पैसे मागितले, तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

जुनी गाडी आणि शाळेची व्हॅन

खरी मेख इथे आहे. गाडी विकली गेली की निरोप जातो पहिल्या मालकाला. दुसरा मालक बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करतो, त्यामुळे अधिकृत सेंटरशी त्याचा संबंधच येत नाही. दोष मात्र गाडीसोबतच प्रवास करतो. रिकॉलची दुरुस्ती मालकाला नव्हे, गाडीला लागू असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मालकानेही ती मागायला हवी. जुनी गाडी घेताना चेसिस नंबरवरून हे आधीच तपासा.

महाराष्ट्रात स्कूल बससाठीच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत एक साधा ठराव मांडा: प्रत्येक व्हॅनचा चेसिस नंबर घ्यावा, सत्राच्या सुरुवातीला रिकॉल तपासावा आणि काम झाल्याचा कागद शाळेत ठेवावा. व्हॅनवाले काका आपलेच असतात, त्यांना दोषी धरू नका. दिवसाचा धंदा बुडेल म्हणून ते टाळत असतील, तर सुट्टीच्या दिवसाची वेळ मिळवून द्या.

वर्गात घेण्यासाठी कृती

• गणित: ८७,५९९ पैकी समजा १० मधल्या ९ गाड्या दुरुस्त झाल्या. किती उरल्या? (सुमारे ८,७६०) त्या उरलेल्या गाड्यांत कोण बसत असेल, यावर मुलांना बोलू द्या.

• गृहपाठ: पालकांसोबत घरच्या गाडीचा चेसिस नंबर आरसीवर शोधा. अक्षरं-अंक १७ आहेत का, मोजा. (नंबर वहीत लिहून आणायची गरज नाही.)

• पत्रलेखन: सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांना रिकॉलबाबत विचारणा करणारं औपचारिक पत्र लिहा. मॉडेल, उत्पादनाचा महिना, प्रश्न आणि लेखी उत्तराची विनंती हे चार मुद्दे यायलाच हवेत.

• चर्चा: आपली चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा माफ असावी का?

शेवटच्या प्रश्नावर मुलं भरभरून बोलतील, वेळ राखून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर कपाटातली आरसी काढून तुमच्या गाडीचा नंबर एकदा तपासाच. पाच मिनिटांचं काम आहे.