मोबाईलचा पडदा कशाने बनवावा?

मोबाईलच्या काचेवर बटने, चित्रे आणि अक्षरे दिसतात. त्याला पडदा म्हणतात, पण आपण सगळे स्क्रीनच म्हणतो. तो आपोआप होत नाही, कोणीतरी मांडलेला असतो. मोठे इंजिनिअर त्यासाठी इंग्रजीत लांबच लांब ओळी लिहितात. मुलांसाठी मात्र सोपी साधने आहेत. त्यात बटन ओढून आणायचे आणि पाहिजे तिथे ठेवायचे.

स्क्रॅच हे साधन २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने काढले. त्यात नारिंगी रंगाचे मांजर असते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की ते चालते, बोलते. कॉम्प्युटरवर एकदा भरून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. गोष्ट किंवा खेळ करायला मला तर हेच आवडते. पण त्याचे वेगळे ॲप होऊन बाबांच्या मोबाईलात जात नाही.

दुसरे साधन ॲप इन्व्हेंटर. ते २०१० साली गूगलने काढले आणि २०१२ पासून एमआयटी चालवते. यात एका बाजूला मोबाईलचे चित्र असते. त्यावर तयार बटन आणून ठेवायचे. मग दुसऱ्या बाजूला जाऊन, बटन दाबल्यावर काय व्हावे त्याचे ठोकळे जोडायचे. मुंबईच्या धारावीतल्या मुलींनी यावरच ॲप केले. त्यांच्याकडे सार्वजनिक नळावर लांब रांग लागायची, म्हणून आपली पाळी आली की मोबाईलवर कळेल असे ते ॲप होते. २०१६ साली त्यांची बातमी पेपरात आली होती.

आता आपल्या कामाचे पाहू. संत्र्याची गाडी भरताना कॅरेट मोजतात. एका कॅरेटात वीसेक किलो संत्री बसतात. म्हणजे पाच कॅरेटचा फरक पडला की क्विंटलभर मालाचे पैसे गेले! बाबा म्हणतात एवढे, व्यापारी म्हणतो तेवढे. मग भांडण.

यासाठी ॲप इन्व्हेंटर बरे. खाली संत्र्याचे चित्र असलेले मोठे बटन ठेवायचे, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही दाबता येईल. एकदा दाबले की एक कॅरेट वाढले. मधे मोठा आकडा. 'एक कमी' हे बटन लहान आणि पार वर, नाहीतर घाईत तेच दाबले जाईल. टायनीडीबी नावाचा एक भाग जोडला की मोबाईल बंद झाला तरी आकडा राहतो. बनवताना इंटरनेट लागते, पण तयार ॲप मोबाईलात भरले की शेतात रेंज नसली तरी चालते.

'सगळे पुसा' हे बटन ठेवावे का, यावर वर्गात अजून वाद चालू आहे. दुसऱ्या गाडीसाठी ते लागेलच. पण अर्धी गाडी भरलेली असताना कुणाचे बोट लागले तर? मी म्हणते, ते दोनदा दाबल्यावरच चालावे.