दगडी बांधांचे गाव

इटली देशाच्या वायव्य किनाऱ्यावर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पाच लहान गावे वसली आहेत. या भागाला 'चिंक्वे तेर्रे' म्हणजे 'पाच भूमी' असे म्हणतात. वेर्नात्सा हे त्यांपैकी एक गाव.

गाव फार जुने आहे. इ. स. १०८० मधील कागदपत्रांत त्याचा उल्लेख आढळतो. पूर्वी या किनाऱ्यावर चाचे हल्ले करीत. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी खडकावर किल्ला बांधला गेला. त्याचा गोल बुरूज आजही उभा आहे. खाली छोटेसे बंदर आहे. बंदराला लागूनच १३१८ सालच्या कागदपत्रांत उल्लेख असलेले चर्च आहे. त्याचा मनोरा अष्टकोनी आहे. गुलाबी, पिवळ्या रंगांची उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत.

परंतु वेर्नात्साचे खरे वैभव डोंगरावर आहे. येथे सपाट जमीन फारच थोडी. म्हणून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे कष्ट करून उतारावर पायऱ्यांसारखी शेते तयार केली. प्रत्येक शेताला दगडी बांध घातला. या बांधांत चुना नाही की सिमेंट नाही. दगडावर दगड नीट बसवलेला असतो. फटींतून पाणी झिरपते. माती मात्र जागेवरच राहते. या शेतांत द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबे पिकतात. १९९७ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

काळ बदलला. अनेक तरुण नोकरीसाठी शहरांत गेले. कितीतरी शेते ओस पडली, बांध ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांतच प्रचंड पाऊस झाला. डोंगरावरची माती आणि दगड घेऊन पाणी मुख्य रस्त्यावरून धावत सुटले. दुकाने चिखलाने भरली. तीन माणसे मृत्युमुखी पडली. रस्ते बंद झाल्यामुळे लोकांना होड्यांतून बाहेर न्यावे लागले.

पण गावकरी खचले नाहीत. ते परतले. स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांनी चिखल उपसला आणि गाव पुन्हा उभे केले. पूर्वजांचा बांध नुसता पाहून भागत नाही, तो राखावाही लागतो, हे वेर्नात्साने जगाला दाखवून दिले.

शब्दार्थ
चाचे – समुद्रावरील लुटारू
ओस पडणे – रिकामे होणे
खचणे – धीर सोडणे

स्वाध्याय
१. वेर्नात्साचा किल्ला कशासाठी बांधला गेला?
२. दगडी बांधांमुळे माती कशी टिकते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती पाच वाक्यांत लिहा.