लोकसंग्रह आणि वाजता टाळ

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकसंग्रह’ हा शब्द दोन वेळा आला आहे. ज्ञानी पुरुषाला स्वतःसाठी मिळवायचे काही उरले नसले तरी त्याने लोकसंग्रहासाठी कर्म करावे, असा तेथील अभिप्राय आहे. कारण थोर माणूस वागतो तसे इतर लोक वागतात. या ठिकाणी माउलींनी दृष्टान्त दिला आहे तो डोळस वाटाड्याचा. आंधळा सोबत असला की डोळस माणूस पुढे चालतो खरा, पण पाऊल टाकतो ते आंधळ्याच्या बेताने.

आता प्रश्न असा, की आंधळा कोण आणि डोळस कोण हे ठरवावे कोणी? पुढे चालणारा तो डोळस, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. आमची फजिती कशी झाली ते सांगतो, म्हणजे शब्दाचा अर्थ लागेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. औसा तालुक्यातले किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. आपल्याकडची माळवदाची घरे कशी असतात ते तुम्ही जाणताच. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, आणि वर मातीचा थरावर थर. तेच सगळे अंगावर आले. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्यानंतरच्या वर्षी तिकडच्या एका गावी सप्ताह होता. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. आम्ही नांदेडकडून गेलो. तिशी उलटली होती, पाठशाळेतले न्याय-मीमांसा डोक्यात ताजे होते. कीर्तनाला उभे राहिलो आणि कर्मविपाकाचा सिद्धान्त मांडला. पाप साचते, मग पृथ्वीला भार होतो, वगैरे वगैरे. दाखले बिनचूक होते. माणसे मुकाट बसून होती. आम्हाला वाटले, रंग भरला!

कीर्तन संपल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. आम्हीही वाकलो. ती हळूच म्हणाली, “म्हाराज, नातू सा महिन्याचा व्हता माझा. त्यानं काय पाप केलं, तेवढं सांगा.”

आम्ही “माय...” एवढेच म्हणालो. पुढे शब्द नाही. ती थोडी थांबली आणि निघून गेली.

रात्री झोप नाही. पहाटे सप्ताहाच्या वृद्ध विणेकऱ्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “महाराज, आळंदीच्या पालखीची समाजआरती पाहिली आहे ना? चोपदार चोप वर करतात आणि लाखांचा समाज गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार काय करतात?”

“त्या दिंडीपाशी जातात. तक्रार ऐकतात. ती मिटल्यावर आरती.”

“मग तुमच्या कीर्तनात एक टाळ वाजतच राहिला आहे. तुम्ही आरती उरकून मोकळे झालात.”

काल्याच्या दिवशी आम्ही कीर्तनकारांची परवानगी घेऊन उभे राहिलो आणि सर्वांसमोर सांगितले, की परवा आम्ही चुकलो. मेलेल्यांचा हिशेब मांडायचा अधिकार आम्हाला नाही. घरे का पडली हे विचारायचे असेल तर भिंतीला विचारू या.

आणि भिंतीला विचारणारे निघालेच. पडक्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती यांचे सरकारी काम पुढे सुरू झाले, तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. भिंतीच्या आरपार जाणारा बांधणीचा दगड कुठे बसवावा, माळवदावरची माती किती उतरवावी, कोपरे कसे जखडावे, हे त्या शिकल्या. मग घराघरांत सांगू लागल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. काल ज्यांचा पदर डोक्यावरून ढळत नव्हता, त्या सभेत उभ्या राहून विचारू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. पण ढिगाऱ्यापुढे बसलेल्या बाईला कसली सोबत लागते, हे त्यांना पोथीतून शिकावे लागले नव्हते.

माउलींच्या दृष्टान्तातला डोळस तो हाच. या बायकांना कोणी पुढारी म्हटले नव्हते. आम्हाला मात्र लोक महाराज म्हणत होते, आणि त्या रात्री वाट आम्हालाच दिसत नव्हती.

लेकरू घरात आपले रडणे तेवढेच ऐकते. जाणता होतो तेव्हा त्याला दुसऱ्याचे रडणे ऐकू येऊ लागते. समाजाचेही तसेच आहे. ज्या गावाला आधी मदत घ्यावी लागली, तेच गाव परमुलखात मदतीला निघाले, म्हणजे ते गाव जाणते झाले. लोकसंग्रह याला म्हणावे. मंडपात माणसे जमविणे काय, भोंगा मोठा असला की जमते!

दिंडीचा क्रम आठवा. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, आणि विणेकरी टाळकऱ्यांच्या मागे. ज्याच्यावर साऱ्यांचा सूर, तो मागून चालतो. म्हणून कोण थकले, कोण मागे पडले, हे त्याला दिसते.

तेव्हा बाबांनो, तुमच्यापैकी कोणी सप्ताहाचा चालक असेल, कोणी सरपंच, कोणी घरातला कर्ता. चार माणसे आपले ऐकून गप्प झाली, तर लगेच आरतीला लागू नका. घटकाभर थांबा, कान द्या. एखादा टाळ वाजत असेल तर त्याच्यापाशी आपण चालत जावे. आम्ही आता प्रत्येक कीर्तनानंतर मंडपात थोडा वेळ बसून राहतो. ती माय पुन्हा भेटली नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर आजही आमच्यापाशी नाही. पण त्यानंतर तो सिद्धान्त दुःखी माणसापुढे आम्ही कधी मांडला नाही.

रामकृष्णहरि.